दोन मशीन, एक नवरा आणि येलदरीचा रस्ता

कच्छला जायचं ठरलं त्याच दिवशी मी जाहीर करून टाकलं की यंदा रस्ता विचारत फिरायचं नाही, गाडीला जीपीएस बसवायचं. आमचे हे, म्हणजे दिगंबरराव, जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "बसव की. मग मी घरीच बसतो."

यांना काचबिंदू आहे. नजरेच्या कडा गेल्या, समोरचं तेवढं राहिलं, तेही बशीएवढं गोल. डॉक्टरांनी गाडी बंद केली तेव्हा यांची साडेतीनशे सीसीची गाडी मी हातात घेतली. बँकेत कॅशियर असलेली, पन्नाशीला टेकलेली बाई अशी गाडी हाणतेय म्हणून परभणीत लोक अजून माना वळवतात. हे मागे बसले आणि रस्ता सांगायचं खातं त्यांनी आपल्याकडे घेतलं. सांगायचं म्हणजे विचारायचं. चार माणसं दिसली की "थांब थांब." मग गाव कोणतं, पीक कसंय, पोरीचं लग्न झालं का, चहा, आणि शेवटी रस्ता. हंपीला निघालो होतो तेव्हा रायचूरकडच्या एका साखरपुड्यात जेवून आलो. हंपी राहिलीच.

म्हणजे पंचाईत अशी की मशीन घेतलं तर नवरा येत नाही, आणि नवऱ्याच्या भरवशावर निघालं तर कच्छ येत नाही. आणि त्यांना सोडून जायचं तर मला कच्छ काय चाटायचंय?

तुमच्यापैकी बरेच जण विचारतील, मोबाईल असताना वेगळं मशीन कशाला? आमच्याकडच्या उन्हात हँडलवरचा मोबाईल तापून बंद पडतो, गाडीच्या थरथरीनं माझ्या आधीच्या फोनचा कॅमेरा कायमचा गेला, आणि रेंज जाते तेव्हा नेमकी फाट्यावर जाते. मोटारसायकलचं मशीन पाण्यात भिजतं, उन्हात दिसतं, हातमोजे घालून चालतं आणि नकाशे स्वतःच्या पोटात ठेवतं. किंमत विचारू नका, चांगल्या म्हशीचा विचार करा.

संभाजीनगरच्या एका दुकानदारानं ओळखीवर दोन मशीन रविवारपुरती वापरून बघायला दिली. एक मोठं, तळहाताएवढ्या पडद्याचं, हिंदीत बोलणारं. दुसरं छोटं, गोल, मुकं. ते नुसता बाण दाखवतं आणि मुक्कामाचं ठिकाण कोणत्या दिशेला आहे तेवढंच सांगतं, रस्ता तुमचा तुम्ही शोधा. दोन्ही हँडलवर बसवली. परीक्षेचा मार्ग परभणी, मानवत, वालूर, जिंतूर, येलदरी. "आणि मी?" हे म्हणाले. म्हणलं, "तुम्ही तिसरे."

मानवतपर्यंत कुणाचीच परीक्षा झाली नाही. रस्ता सरळ, कापसाच्या गाड्या लागलेल्या, सकाळची थंडी. बाजाराच्या तोंडाशी गरम भजी आणि पोहे खाल्ले. झकास होते, पण भज्यांतली मिरची जपून खा. हे तेवढ्यात तिथल्या दोघांशी बोलून आले आणि म्हणाले, "वालूरला डांबरी धरूनच जा म्हणतायत, मधला रस्ता खराब आहे." तेवढ्यात मोठं मशीन म्हणालं, "आगे दाएँ मुड़िए." यांनी हेल्मेटच्या काचेतून त्याच्याकडे असं पाहिलं की सवत बरी.

परीक्षा मशीनची होती, म्हणून मी मशीनचं ऐकलं. उजवीकडे वळले. डांबर संपलं, मग खडी संपली, मग काळ्या रानातली बैलगाडीची चाकोरी उरली, आणि शेवटी तूर आणि कपाशीच्या मधोमध रस्ताच संपला. समोर बांध, पलीकडे विहीर. "चलते रहिए," मशीन म्हणालं. छोट्याचा बाण तुरीतून थेट येलदरीकडे दाखवत होता. मागून नुसता नाकातून हसल्याचा आवाज.

तुरीतून एक माणूस बाहेर आला. त्यानं गाडी पाहिली, हँडलवरची मशीन पाहिली, आमची चमकत्या पट्ट्यांची केशरी जाकिटं पाहिली, आणि हात वर करून ओरडला, "आले! मोजणीवाले आले!"

कपाशीतून दुसरा आला. दोघं सख्खे भाऊ, हे लगेच कळलं, कारण एकमेकांकडे बघत नव्हते. मधला बांध कुणी कुणाच्या रानात सरकवला यावरून कित्येक वर्षं भांडण. मोजणीचा अर्ज दिलेला, माणूस काही येत नव्हता. आता मोजणी अशाच मशीनवर होते हे त्यांना ठाऊक होतं. आम्ही अगदी बांधावरच येऊन थांबलो होतो. मग दुसरं कोण असणार?

"अहो, आम्ही फिरायला निघालोय. येलदरीला," मी म्हणाले.

"मॅडम, फिरायला कोन बांधावर येतंय?" तुरीतला थोरला म्हणाला. "तुमी घाबरू नका. आमी काय दांडगाई करणारे लोक न्हाई. मोजा."

वस्तीवरून खुर्च्या आल्या. चहा आला. शेजारचे चौघं पंच म्हणून आले. दोन्ही जावा दोन बाजूंना पदर खोचून उभ्या राहिल्या. आणि माझा नवरा, ज्यानं एका वाक्यात हे सगळं संपवायला हवं होतं, तो खुर्चीत बसून विचारत होता, "तूर कोणती, लाल का पांढरी?"

मी गाडी चालू केली, निदान वळवावी म्हणून. मोठं मशीन जागं झालं. "दो सौ मीटर आगे, दाएँ मुड़िए."

धाकट्यानं मनातल्या मनात दोनशे मीटर मोजले. "ऐकलं का? दोनशे मीटर उजव्या अंगाला. तितपर्यंत माझं!"

"ह्या मशीनला चारलंय यानं!" थोरला उसळला. "हिंदीत बोलायलंय म्हंजी काय खरं बोलायलंय का? त्या दुसऱ्या मशीनला इचारा!"

दुसऱ्याला विचारलं. बाण धाकट्याच्या कपाशीतून थोरल्याच्या तुरीत गेला आणि तिथून क्षितिजाकडे. पंचांतले एक म्हातारबुवा बराच वेळ तो बाण बघत राहिले आणि म्हणाले, "दोन मशिनी, दोन निकाल. म्हंजी सरकारीच हाय." सगळ्यांना ते पटलं. मला हसावं का रडावं कळेना.

मग हद्दीची रेघ ओढायला चुन्याची पाटी आली. "साहेब, तुमी त्या टोकाला उभं ऱ्हा," धाकटा यांना म्हणाला. "मॅडम हितून मशीन धरतील." आणि हे खरंच उठले! पाटी घेऊन बांधावरून चालायला लागले, अगदी रुबाबात. कुणीतरी काम सांगितलं याचाच आनंद झाला असणार. बांध पुढे डावीकडे वळत होता. हे वळले नाहीत. सरळच गेले. सरळ पुढे विहीर होती, कठडा नसलेली.

"अहो!" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. गाडी तशीच टाकून पळाले, पण माझ्याआधी ते दोघं भाऊ पळाले. एक तुरीतून, एक कपाशीतून. दोघांनी दोन दंड धरले आणि यांना जवळजवळ उचलून मागे घेतलं. चुन्याची पाटी खाली पाण्यात पडल्याचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला.

मी यांच्या अंगावर धावून गेले. "दिसत नव्हतं तर सांगायचं ना! जीव गेला असता आत्ता!"

"दिसत होतं की," हे म्हणाले. ओठ पांढरे पडले होते. "समोरचं दिसत होतं." मग खाली बघत, "खालचं नाही दिसलं."

थोरल्याच्या बायकोनं पाणी आणलं. धाकट्याच्या बायकोनं यांच्या पाठीवरून हात फिरवला, लेकरावरून फिरवतात तसा. दोघी पहिल्यांदाच एका बाजूला उभ्या होत्या. हे असं मिनिटभर टिकलं, कारण मग थोरला म्हणाला, "माझ्या हद्दीत होते म्हणून वाचले."

"तुझ्या? पाय माझ्या रानात हुता त्यांचा!"

पुन्हा पंच बसले, या वेळी माणूस कुणाच्या जमिनीत वाचला यावर. आम्ही तेवढ्यात निघालो. जावांनी जाताना तुरीच्या शेंगांची पिशवी हातात दिली आणि वालूरचा रस्ता सांगितला. मी ऐकला, आणि तो बरोबर निघाला.

वालूरपासून जिंतूरपर्यंत मी गाडी चाळिसाच्या वर नेली नाही. रस्त्याचं म्हणाल तर डांबरी बरा आहे, वळणांवर ट्रॅक्टरवाल्यांना आधी जाऊ द्या. हा माणूस मला मशीनवरून टोमणे मारत होता तेव्हा खरं तर घाबरलेला होता, एवढं मला त्या विहिरीपाशी कळलं. रस्ता विचारणं तेवढं त्याच्याकडे उरलं होतं आणि तेही मी काढून घ्यायला निघाले होते.

येलदरीला दुपार झाली. धरणाच्या खालच्या अंगाला एका टपरीत तळलेले मासे मिळतात, ताजे, भाकरीबरोबर. पाणी भरपूर होतं आणि वारा गार. हात धुऊन मी गाडीपाशी गेले आणि मोठं मशीन हँडलवरून काढलं, परत खोक्यात घालायला. यांनी हात पुढे केला. "बघू दे जरा."

डोळ्यासमोर धरून बघत राहिले. मग वाचायला लागले. "येलदरी. इथं पूर्णा. ही सावंगी. हा जिंतूरचा फाटा. बोरी. झरी." बारीक बारीक अक्षरं, न अडखळता. बोटानं नकाशा सरकवला आणि थेट हिंगोलीत पोचले. "वैशाली, हे सगळं दिसतंय गं मला."

अर्थात दिसणार! पडदा तळहाताएवढा आणि यांची नजर बशीएवढी. मला जे मशीन मान खाली घालून, रस्त्यावरची नजर काढून बघावं लागतं, ते यांच्या बरोबर नजरेत बसत होतं. आणि आम्ही सकाळपासून ते चुकीच्या माणसासमोर लावून हिंडत होतो. मला एवढं हसू आलं की टपरीवाला बाहेर आला.

परतीला ते हातात धरून बसले. बोरी, झरी, परभणी, एकही वळण चुकलं नाही. मशीनचा आवाज त्यांनी बंदच करून टाकला होता. "त्या बाईला काही कळत नाही," म्हणाले, "तुरीत घालते."

सोमवारी छोटं परत केलं, मोठं ठेवून घेतलं. तुम्ही एकटे फिरत असाल तर दुकानदार सांगतो तसं हँडलवर बसवा. मी आमच्या गल्लीतल्या सीट कव्हरवाल्याकडे केशरी जाकीट नेलं आणि पाठीवर, खांद्यांच्या बरोबर मध्ये, पारदर्शक खिसा शिवायला सांगितला.

"पाठीवर?" तो म्हणाला. "मॅडम, मग तुमाला नकाशा कसा दिसंल?"

"मला नाही बघायचा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग टेप घेतली आणि माझ्या पाठीचं माप घेतलं. हे शेजारी उभे राहून "जरा वर घे, जरा वर" सांगत होते. खिसा अजून शिवून मिळालेला नाही. पण हे रोज संध्याकाळी नाक्यावर जातात आणि भेटेल त्याला सांगतात, "कच्छला मी घेऊन चाललोय हिला."