डायवरचाचांनी अडवलेला अर्ज

डायवरचाचा कुणालाही सरळ पाण्यात उतरू देत नसत. आखातातल्या, करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक लहानसा स्विमिंग पूल आहे. संध्याकाळी असरची नमाज आटोपून चाचा तिथे यायचे आणि मुलांना पोहायला शिकवायचे. मुलं टॉवेल भिरकावून उडी मारायला धावत, तर हे काठावर हात आडवा धरून उभे. एकेकाला समोर घेऊन विचारायचे, "आज कसं वाटतंय?" पोरगं "फाइन" म्हणालं की हात तसाच आडवा. "फाइन म्हणजे काय? पोट कसं हाय? नाकातून वारा जातो? काल झोपलास काय?" सगळी उत्तरं मिळाली की मगच हात खाली यायचा आणि "यल्ला!" म्हणून आरोळी उठायची. ज्याचं नाक चोंदलेलं असेल त्याला त्या दिवशी कोरडंच बसावं लागे. आईबाप फीचे पैसे वाया गेले म्हणून कुरकुरत. चाचांना त्याचं काही वाटत नसे.

त्यांचं नाव इब्राहिम. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातले. तीस वर्षं त्यांनी इथल्या बंदरांत पाणबुड्याचं काम केलं होतं. जहाजाच्या बुडाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, पंख्यात अडकलेले दोर कापायचे, असलं काम. म्हणून ते डायवरचाचा. बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेल्यांना ते 'ड्रायवर' ऐकू येई. मग कुणीतरी पहाटेच्या विमानासाठी त्यांना फोन करी. चाचा कधी खुलासा करत बसले नाहीत. खाली येऊन टॅक्सी थांबवायचे, बॅगा डिकीत नीट लावून द्यायचे आणि टॅक्सीवाल्याला हिंदीत बजावायचे, "आराम से ले जाना, बच्चे हैं." लोकांना वाटे, आज याची स्वतःची गाडी बिघडलेली दिसते.

पाण्याखालच्या त्या वर्षांत त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता. समोरचा बोलायला लागला की ते मान तिरपी करून उजवा कान पुढे करायचे आणि नजर त्याच्या चेहऱ्यावर रोखायचे. पुष्कळांना ते अवघड व्हायचं. मलाही व्हायचं. पण ऐकायला कमी येत असल्यामुळेच असेल, त्यांना दिसायचं मात्र फार. माझ्या ऑफिसात काही बिनसलं असेल तर ते घरात कुणाला कळायच्या आधी चाचांना लिफ्टमध्ये कळायचं. "वैनी, आज लय दमलाव काय?" एवढंच विचारायचे आणि आपला मजला आला की उतरून जायचे.

आमची सई त्यांच्याकडेच पोहायला शिकली. पाच वर्षांची असताना ती त्यांच्या गळ्याला मिठी मारून पाण्यात उतरली होती, आणि बारावीला गेली तेव्हा बिल्डिंगमधल्या धाकट्या मुलांना तीच धडे देत होती. बारावीनंतर ती शिकायला कॅनडाला जाणार हे ठरलं होतं. त्यामुळे त्या वर्षीची डिसेंबरची सुट्टी ही आम्हा तिघांची एकत्र अशी शेवटची मोठी सुट्टी असणार होती. कुठे जायचं ते तू ठरव, असं अविनाशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तिला सांगून टाकलं. मला वाटलं होतं, ती फार तर मालदीव म्हणेल. तिने नकाशावर कॅरिबियन समुद्रातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. बोनेअर.

"तिथे डायव्हिंगला बोटसुद्धा लागत नाही, आई," ती म्हणाली. "यू जस्ट वॉक इन फ्रॉम द रोड. रस्त्याच्या कडेला पिवळे दगड असतात, त्यावर नावं लिहिलेली. गाडी लावायची, टाकी पाठीला लावायची अँड यू आर ऑन द रीफ."

त्यानंतर तीन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. जेवणाच्या टेबलावर ॲमस्टरडॅममार्गे जाणारी विमानं, व्हिसाचे कागद, भाड्याची पिकअप गाडी. मी डीआयपीतल्या ऑफिसातून घरी यायची तेव्हा बापलेक लॅपटॉपवर माशांची चित्रं बघत बसलेले असायचे. सई आणि अविनाश डायव्हिंग करणार आणि मी मास्क लावून वरच्या वर स्नॉर्कलिंग करणार, अशी वाटणी झाली. त्या आधी इथेच, फुजैराच्या बाजूला एका डायव्हिंग सेंटरमध्ये दोघांनी कोर्स करायचा होता. कोर्सला अट होती ती दोनशे मीटर न थांबता पोहण्याची. सईला ते काहीच नव्हतं. अविनाशने मात्र कॉलेजनंतर पोहण्याचं नाव काढलं नव्हतं. तेव्हा अठ्ठेचाळीसाव्या वर्षी तो चाचांचा विद्यार्थी झाला.

सगळा बेत चाचांना समजावून सांगितला तेव्हा ते बराच वेळ मान तिरपी करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "पैसे देऊन पान्याखाली जानार? मना कंपनी पैसे द्यायची तरी नको वाटायचं." पण शिकवायला बसले ते मन लावून. हात कसा मारायचा याच्यापेक्षा श्वास कसा सोडायचा यावरच त्यांचा भर. "घ्यायची घाई नको, अविनाशभाय. आधी सोडा. पूर्न सोडा. घेनं आपोआप होतं."

आमचा पूल लहान, त्यामुळे दोनशे मीटर म्हणजे सतरा फेऱ्या. तिसऱ्या आठवड्यात अविनाश नवव्या फेरीला काठ धरून थांबला. त्याने छातीच्या मधोमध मूठ दाबली आणि जबडा चोळला. मी खुर्चीवर बसले होते, मला त्यात विशेष काही दिसलं नाही. "दुपारची बिर्याणी," तो हसत म्हणाला, "ॲसिडिटी." चाचा हसले नाहीत. त्यांनी त्याला लगेच बाहेर काढलं आणि विचारलं, असं आणखी कधी होतं? जिना चढताना? अविनाश म्हणाला, होतं कधीकधी, एक गोळी घेतली की जातं.

दोन दिवसांनी डायव्हिंग सेंटरचा अर्ज आला. तब्येतीविषयी पानभर प्रश्न. पंचेचाळीसच्या वर वय आहे का, धाप लागते का, छातीत दुखतं का, घरात कुणाला हृदयविकार होता का. एका जरी प्रश्नाला 'हो' म्हटलं तर डॉक्टरची सही आणावी लागणार होती. त्या दिवशी चाचा आमच्याकडे चहाला आले होते. त्यांच्यासमोरच अविनाशने पेन घेतलं आणि वरपासून खालपर्यंत 'नाही', 'नाही', 'नाही' अशा खुणा करत गेला. त्याचे वडील पंचावन्नाव्या वर्षी हार्ट ॲटॅकने गेले होते. त्या प्रश्नापाशीसुद्धा त्याचा हात थांबला नाही.

चाचांनी मला विचारलं, "काय लिवलाय, वैनी?" मी वाचून दाखवलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"हे खोटं हाय."

"चाचा, सगळे असंच भरतात," अविनाश म्हणाला. "फॉर्मॅलिटी आहे ती."

"मग मी शिकवनार नाय. आणि हा कागद तुमी पाठवाचा नाय."

"नाही पाठवायचा म्हणजे?"

"नाय म्हनजे नाय. आधी डॉक्टर."

अविनाशचा चेहरा लाल झाला. सई मोबाइल खाली ठेवून बघत राहिली. विमानाची तिकिटं निघाली होती, कोर्सच्या तारखा ठरल्या होत्या, आणि हा बाहेरचा माणूस आमच्याच टेबलावर बसून आम्हाला खोटारडे ठरवत होता, असं मला वाटलं. मी म्हणाले, "चाचा, तुम्हाला शिकवायला सांगितलंय. तपासायला नाही."

चाचांनी बहुधा ते ऐकलं नव्हतं. पण ते माझ्या तोंडाकडेच बघत होते, आणि ऐकू न येताही त्यांना सगळं कळलं. ते उठले, चपला घातल्या आणि निघून गेले.

चार दिवस आमचं बोलणं नव्हतं. अर्ज तसाच टेबलावर पडून होता. पाठवून दे असं मी अविनाशला म्हटलं नाही, आणि त्यानेही पाठवला नाही. रविवारी सकाळी बेल वाजली. दारात चाचा, स्वच्छ इस्त्रीच्या शर्टात. आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले. पाणीसुद्धा नको म्हणाले.

"अविनाशभाय, मी फक्त एक गोष्ट सांगाला आलोय. मग तुमची मर्जी."

त्यांच्याच शेजारच्या गावचा यूसुफ म्हणून एक होता. दोघं एकाच खोलीत राहायचे आणि एकाच जोडीने पाण्यात उतरायचे. एके सकाळी बोटीवर यूसुफ छाती चोळत बसला होता. गॅस झाला म्हणाला. चाचांनी आपल्या हाताने त्याला सोडा आणून दिला. त्या दिवशीचं जहाज संध्याकाळी निघायचं होतं, सुपरवायझर घाई करत होता. वर कळवावं असं चाचांच्या मनात आलं होतं. पण त्या दिवसाची मजुरी जाईल आणि यूसुफ रागावेल, म्हणून ते गप्प बसले. दोघं उतरले. वीस मिनिटांनी यूसुफचा दोर ओढून बघितला तर उलट खूण आली नाही. चाचांनीच त्याला धरून वर आणलं.

"त्याच्या तोंडावर मी बगितलं होतं, भाय," चाचा म्हणाले. "सकालीच बगितलं होतं. तसंच मी तुमच्या तोंडावर बगितलं. आता मना कोनी काय बी बोलू द्या. मी गप बसनार नाय."

सई उठली, टेबलावरचा अर्ज उचलून तिने तो फाडला आणि बापाला म्हणाली, "बाबा, प्लीज. जस्ट गो."

"जातो बाबा," अविनाश म्हणाला. "तुम्हा सगळ्यांच्या समाधानासाठी जातो."

मंगळवारी तो डॉक्टरकडे गेला. ट्रेडमिलवरची तपासणी बारा मिनिटांची असते म्हणे. त्याची चौथ्या मिनिटाला थांबवली. डॉक्टरीणबाईंनी त्याला घरी पाठवलंच नाही. मी ऑफिसातून टॅक्सीने पोचेपर्यंत त्याला हिरवा गाऊन घातलेला होता आणि तो माझ्याकडे बघून उगीचच हसत होता. मुख्य नस नव्वद टक्के बंद. त्याच दिवशी स्टेंट बसवला. सगळं आटोपल्यावर बाई बाहेर आल्या, मास्क खाली ओढला आणि म्हणाल्या, "ही इज फाइन. वेळेवर आलात. त्यांना इकडे पाठवलं कोणी?"

"स्विमिंगच्या सरांनी," मी म्हणाले, आणि तिथेच भिंतीला टेकून मला रडू फुटलं. सुटल्याचं रडू ते. त्यापूर्वीचे पाच तास डोळ्यांतून एक टिपूस आलं नव्हतं.

चाचांना फोन करून सांगितलं. ऐकू आलं नाही की काय, म्हणून मी ओरडून पुन्हा सांगितलं. तेव्हा आवाज आला, "ऐकलं, वैनी. ऐकलं. खलास, आता भ्याचं नाय." दुसऱ्या दिवशी ते दोन शहाळी घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. आत यायला त्यांना जमेना. अविनाश पलंगावरून म्हणाला, "चाचा, या. नवा अर्ज भरायचाय. या वेळी तुम्ही सांगाल तसा." तेव्हा कुठे ते आले, आणि त्याचं पाऊल चादरीवरून दाबत बसले. मी त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. त्यांनी उजवा कानसुद्धा पुढे केला नाही. "मना त्या बाजूनं काय ऐकू येत नाय," म्हणाले.

डिसेंबरचा बेत अर्थातच रद्द झाला. मला भीती होती की सई मनातून खट्टू होईल. ती म्हणाली, "इट्स ओके. द फिश आर नॉट गोइंग एनीव्हेअर." पुढचं वर्षभर चाचा रोज अविनाशला चालायला न्यायचे. आधी बिल्डिंगभोवती, मग मेट्रो स्टेशनपर्यंत, मग पार्कला पूर्ण फेरी. वर्ष संपता संपता डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डायव्हिंगचा विषय सोडा, पण शांत पाण्यात स्नॉर्कलिंगला माझी हरकत नाही. चाचांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

आमच्याबरोबर चला म्हणून आम्ही त्यांच्या पुष्कळ मागे लागलो. पण त्यांचा मुलगा रत्नागिरीत घर बांधून मोकळा झाला होता आणि इथला व्हिसा संपत आला होता. आम्ही निघायच्या महिनाभर आधी ते कायमचे गावी गेले. जाताना गच्चीवर सगळी बिल्डिंग जमली. सई कॅनडाहून व्हिडिओवर होती. ते फार काही बोलले नाहीत. मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवत गेले. अविनाशपाशी आले तेव्हा त्याचं मनगट धरून उभे राहिले, नाडी बघतात तसं, आणि मग सोडून दिलं.

सई तिकडून थेट बोनेअरला आली. ती तिथल्या एका डायव्हिंग शिकवणाऱ्या बाईबरोबर टाकी लावून खोल गेली, आणि तिच्या बुडबुड्यांच्या वर, एकमेकांचा हात धरून, मी आणि अविनाश तरंगत होतो. खाली पिवळे, निळे, जांभळे मासे, आणि एक कासव आमच्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेलं. मी अविनाशचा श्वास ऐकत होते. नळीतून तो मोठा आणि संथ ऐकू येत होता, आणि मला दुसरं काही बघायची गरज नव्हती.

सईने खालून काढलेला व्हिडिओ मी चाचांना पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर चाची होत्या, मी त्यांना प्रथमच बघत होते. व्हिडिओ संपूर्ण बघून झाला होता. त्या लटक्या रागाने म्हणाल्या, "वैनी, असलं बगाला मिलायचं म्हनून हा तीस वरसं घरी येत नव्हता काय?"

मागे बसलेले चाचा हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "नाय गो. मना कुटं दिसलं असलं काय? बंदराचं पानी काळं. हात पुढे केला तर हात दिसायचा नाय. चाचपून काम केलं सगलं."

चाची त्यांच्याकडे बघत राहिल्या. हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं, ते स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी पदराने मोबाइलची काच पुसली.

"वैनी, मी फोन ठेवते," त्या म्हणाल्या. "याला तो व्हिडिओ परत लावून देते. आता बगू दे त्याला."