डायलिसिसच्या खोलीतली राणी

"दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत," वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं. किडनी फेल्युअर. म्हणजे रक्त गाळणारी चाळणी बुजली. सुमन, माही बायको, मलेच म्हणे, "गहू चाळता येतात, मंग रक्त काहून नाही?" मशीन तेच करते. त्याले डायलिसिस म्हणतात.

सुया टोचून दुपारभर पडून राहायचं. खोलीत टीव्ही होता. जुन्या काळाची एक मालिका लागे. सासऱ्यानं किल्ल्यात कोंडलेली राणी. सुमन त्यातल्या खुणा वाचायची. "पिंजरा उघडा दाखवला, राणी पळते आता. दिवा फडफडला, कोणीतरी मरते."

"शूटिंगवाल्यायचा पंखा चालू असन," मी म्हणे.

"तुमी गप राहा. बैलाशिवाय तुमाले काई समजत नाही."

एक दिवस औषधं घेऊन आलो. शेजारच्या पलंगावरची केनवडची आजी मले दारात पाहूनच वरडली, "सुटली वो भाऊ, सुटली!"

आमच्याकडे माणूस मेला की सुटला म्हणतात. औषधं खाली सांडली. आत बाया हसून राह्यल्या होत्या, सुमन सगळ्यात जास्त. "अवो, मी नाही, राणी! मेल्याचं सोंग केलं अन् तिरडीवरून किल्ल्याबाहेर निंगाली."

पुढं हृदय थकलं. मशीन लावली की बीपी, म्हणजे रक्ताचा दाब, एकदम पडे. डॉक्टर म्हणाले, "शरीराला झेपत नाही. चालू ठेवू, पण त्रास होईल. घरी नेलं तर थोडेच दिवस."

मी म्हटलं, चालू ठेवा. आमची पोरगीही तेच म्हणाली.

सुमननं माहा हात धरला. "राणीचं मरण सोंग होतं, म्हणून तिले तिरडीचा दरवाजा भेटला. माहं सोंग नाही, मले ठाऊक हाये. तरी घरी न्या. मले तं कोणी इचारलंच नाही."

खरं होतं. सगळ्यायले इचारलं, तिले सोडून.

मशीन वाईट नाही. तिनंच आमाले दोन वर्षं दिली, नर्सबाईंचे उपकार फिटणार नाहीत. मशीन सोडा असं मी सांगत नाही. पण तुमच्या घरी असं दुखणं असन, तर पेशंटले पहिले इचारा. अन् उत्तर आवडलं नाही तरी ऐका.

घरी आणलं. या आजारात पाणी घोटघोट मोजून देतात, कारण लघवी होत नाही, पाणी अंगात साचते. आता डॉक्टर म्हणाले होते, मागतील ते द्या. तिनं गडूभर पाणी मागतलं. थांबत थांबत सगळं प्याली, पदरानं तोंड पुसलं.

"आपल्या इहिरीचं लई गोड हाये वो."

मी आणखी आणाले उठलो.