हळदीच्या मांडवातले सहा गुण

मी आशाताई, सरकारी आरोग्य केंद्राची. काल्हेरच्या आमच्या आळीतली सगळी घरं माझ्याकडे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाचा आम्हाला एक फॉर्म भरावा लागतो. वय, तंबाखू-दारू, कंबरेचा घेर, चालणं-फिरणं, आणि आईबापाला नाहीतर भावंडांना शुगर, बीपी, हार्टचा त्रास होता का. प्रत्येक उत्तराला गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला धोका जास्त, त्याला आधी तपासणीला पाठवायचं.

ऐकायला सोपं वाटतं ना? भरून बघा एकदा. बाप्ये ड्युटीवर, बायका दापोड्याच्या गोदामात पॅकिंगला. त्यातून एखादी सून घरी सापडलीच तर बाजूला सासू बसलेली. नवरा पितो का विचारलं की सून सासूकडे बघते आणि "न्हाय गो बाय" म्हणते. मीही "नाही" लिहिते. त्याच नवऱ्याला मी आदल्या दिवशी रिक्षा स्टँडवर झोकांड्या खाताना बघितलेलं असतं. पण तोंडावर खोटं कसं पाडणार, कपाळ माझं!

मागच्या वर्षी महिना संपत आला आणि माझे निम्मे फॉर्म कोरे. नेमकी तेव्हाच समोरच्या घरात मुलीची हळद होती. हळदीच्या दुपारी आळीतल्या झाडून साऱ्या बायका मांडवात लसूण सोलायला बसतात. मी टेप आणि फॉर्मांचा गठ्ठा घेऊन तिथेच जाऊन बसले. स्वतःच्या हुशारीवर फार खूश होते मी.

समोरचं घर म्हणजे माझ्या मैत्रिणीचं. दोघींचं माहेर कशेळीचं, एकाच आळीतलं, आणि नशिबाने सासरही समोरासमोर मिळालं. माझा नवरा गेला, मुलगी लग्न होऊन पनवेलला गेली, तेव्हापासून मी घरात एकटीच. दुपारचा चहा तिच्या ओट्यावर, संध्याकाळी कालवणाची वाटी तिच्याकडून. दिवसभर मी लोकांना नुसते प्रश्न विचारत फिरते. मला "जेवलीस का गो?" विचारणारी ती एकटीच होती.

मांडवात मजा चालली होती. टेप काढला की बायका पोट आत ओढून घ्यायच्या. "हिला एक टेप पुरायचा न्हाय, ताडपत्रीवाल्याची दोरी आणा," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या खिदळल्या. मैत्रिणीची पाळी आली. वयाचा एक गुण, कंबरेचे दोन, चालण्याच्या नावाने बोंब म्हणून आणखी एक. झाले चार.

"आईबापाला हार्टचा त्रास?" मी विचारलं.

"न्हाय. बाबा माझे गॅसनी गेले, तुला ठाव हाय."

ठाऊक होतं, म्हणून तर पंचाईत झाली. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. तिचे बाबा छाती धरून ओट्यावर बसले, सदरा घामाने भिजला, घरच्यांनी ओवा आणि सोडा दिला. तासाभरात गेले. पंचेचाळीसचेही नव्हते. त्यांच्या घरात आजवर गॅसच म्हणतात.

चारावर सोडलं तर ती तपासणीला जाणार नाही, हे मला समोर दिसत होतं. मी भडकले. "कसला गॅस घेऊन बसलीस? हार्टनीच गेले ते! मी बघितलंय. त्याचे दोन धरून तुझे सहा झाले, सहा! तुला शुगर हाय का हार्ट, ते आधी तपास!"

बायका माझ्या पाठीमागे बघायला लागल्या. मान वळवून बघते तर मुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन दारात उभ्या. मुलाची आत्या सावकाश म्हणाली, "आम्हाला कोणी बोलला न्हाय, यांच्या घरात असा काही हाय ते."

लग्न मोडलं नाही. पण आत्या अडून बसली, पोरीचं रक्त तपासा. हळद लागलेली नवरी आमच्यात उंबरा ओलांडत नाही. त्या पोरीला लग्नाच्या सकाळी, हळदीच्या अंगाने, भिवंडीच्या लॅबमध्ये नेलं. रिपोर्ट चांगला आला. तिची आई तिच्यामागून रिक्षात चढताना मला दिसली. माझ्या दाराकडे तिने बघितलंही नाही.

पुढच्या महिन्यात मैत्रीण स्वतःहून तपासणीच्या शिबिरात गेली. शुगर निघाली, बीपीही निघालं. डॉक्टर मला म्हणाले, वेळेवर पाठवलंत, पुढचा मोठा धोका टळला. माझं बरोबर होतं. पण हेच मी तिला एकटीला, चहा पिताना, दार लावून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? माझे फॉर्म चार दिवस उशिरा गेले असते, एवढंच.

आता मी दुपारचा चहा उभ्याउभ्याच पिते. एका कपापुरतंच दूध लागतं, उरलेलं नासलं तरी कळत नाही कधीकधी.

गोळ्या कोण घेतं, कोण नाही, हे दर महिन्याला बघायचं कामही माझंच. मी तिच्या खिडकीशी जाते. ती गोळ्यांची रिकामी पट्टी गजांतून दाखवते, मी टिक करते. वर्ष झालं, एक शब्द नाही. गेल्या महिन्यात पट्टीत दोन गोळ्या शिल्लक दिसल्या. माझ्याने राहवलं नाही. "दोन दिस का चुकवल्यास गो? बरी न्हायस का? सांग ना मला."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. वर्षभरात पहिल्यांदाच.

"फॉर्मात लिही," ती म्हणाली, आणि खिडकी लावून घेतली.