नाव नसलेले पाय

बुटाच्या खोक्यातून हार्ड डिस्क आणणारं गिऱ्हाईक ताईंनी पहिल्यांदाच पाहिलं.

बावीस वर्षं त्या बिघडलेल्या डिस्कमधून लोकांच्या फायली काढून देत होत्या. डिस्क त्यांच्याकडे मोज्यातून आली होती, जेवणाच्या डब्यातून आली होती. एकाने तर आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवून आणली होती, कुणीतरी सांगितलं म्हणून. पण हे खोकं वेगळं होतं. आत मऊ फडकं. फडक्यात डिस्क. चारी बाजूंनी कागदाचे बोळे, नेमके बसवलेले.

"कुणी भरलं हे?"

"मीच," समोरचे म्हातारे गृहस्थ म्हणाले. "बूट बनवतो. खास पायांचे."

"खास म्हणजे?"

"एक पाय आखूड, एक लांब. बोटं नसलेले. टाच वळलेले. बाजारातला बूट ज्यांना होत नाही, ते माझ्याकडे येतात." त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. "तुमचा उजवा बूट बाहेरच्या बाजूने झिजतो."

ताईंनी पाय मागे घेतला.

सगळे त्यांना मापकाका म्हणत. सोबत त्यांची सून होती. दुकानातला कॉम्प्युटर तीच सांभाळायची.

"काल सकाळी लावला, तर म्हणाला, ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू का?" सून म्हणाली. "बाबा म्हणाले, विचारतोय तर हो म्हण."

"इतकं अदबीने विचारत होता," मापकाका म्हणाले.

"मग?"

"मी 'नाही' दाबलं. आणि डिस्क काढून घेतली."

"वाचवलंत," ताई म्हणाल्या.

सुनेने सासऱ्यांकडे एक नजर टाकली. ती नजर पुढे महिनाभर पुरणार होती.

डिस्कवर अकरा वर्षांची मापं होती. कागदावर पाय ठेवून पेन्सिलने काढलेल्या आकृत्या, सुनेने एकेक स्कॅन केलेल्या. बाकीच्यांची फारशी काळजी नव्हती. ती माणसं पुन्हा आली की पुन्हा माप घेता येईल. अडलं होतं ते एका मुलीसाठी.

मुलगी बारा वर्षांची. तिचा डावा पाय आखूड होता. सहाव्या वर्षापासून ती दरवर्षी मापकाकांकडे यायची. डाव्या पायाखाली ते लाकडाच्या पातळ पट्ट्या सरकवत. कंबर सरळ रेषेत आली की पट्ट्या मोजत. सोल तेवढा जाड करायचा, आणि आकडा कागदावर लिहायचा. आता डॉक्टरांना ते सगळे आकडे हवे होते. दोन पायांतला फरक वाढतोय की थांबलाय? वाढत असेल तर ऑपरेशन, आणि लवकर. थांबला असेल तर हाडाला हात लावायचं कारण नाही. डॉक्टरांची भेट सोमवारी ठरली होती. आज मंगळवार.

"आजचा पाय मी आज मोजेन," मापकाका म्हणाले. "चार वर्षांपूर्वीचा पाय कुठून आणू?"

"मूळ कागद कुठे आहेत?"

सून घुटमळली. "स्कॅन झाला की कागदाचा बोळा करून नव्या बुटाच्या टोकात कोंबतो. बुटाचा आकार टिकतो."

"म्हणजे त्या मुलीचे कागद..."

"तिच्याच बुटांतून गेले. सहाही."

ताईंनी खोक्यातला एक बोळा उचलून सरळ केला. कुणाची तरी टाच होती.

त्यांनी डिस्क जोडली आणि कान लावला. आवाज स्वच्छ होता. खरखर नाही, टकटक नाही.

"डिस्क धडधाकट आहे," त्या म्हणाल्या. "कुठली फाइल कुठे ठेवली, तिचं नाव काय, तारीख काय, याची एक यादी डिस्कवर असते. तिला फाइल सिस्टिम म्हणतात. तुमच्या त्या यादीच्या चिंध्या झाल्यात. माल बहुतेक जागेवर असावा."

"मग यादी शिवा की."

"बघते. पण या डिस्कवर नाही. आधी हुबेहूब नक्कल करायची. मग काय कापाकापी करायची ती नकलेवर."

मापकाकांचा चेहरा खुलला. "आम्हीसुद्धा कातड्याला सुरी लावण्याआधी कागद कापतो."

"मग आपलं जमेल."

नक्कल व्हायला पूर्ण दिवस गेला. यादी मात्र हाताला लागली नाही. जिथे हात घालावा तिथे ती तुटत होती. ताईंनी तिचा नाद सोडला आणि दुसरी वाट धरली. चित्राची प्रत्येक फाइल एका ठरावीक खुणेने सुरू होते. यादीला न विचारता डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळायची, खूण दिसली की चित्र उचलायचं. गुरुवारी दुपारपर्यंत चार हजार तीनशे बारा चित्रं निघाली. सगळे पाय. एकावरही नाव नाही, तारीख नाही.

ताईंना एक खोड होती. फायली मिळाल्या तरी डिस्क का बिघडली हे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. धडधाकट डिस्कची यादी आपोआप फाटत नाही. म्हणून त्या लॅपटॉप घेऊन स्वतःच दुकानात गेल्या.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर लाकडी पावलं टांगलेली, जोडी न जमणाऱ्या जोड्यांनी. खिडकीशी शिलाईचं यंत्र. त्याच्या शेजारी कॉम्प्युटर आणि स्कॅनर. सगळीकडे डिंकाचा आणि कातड्याचा वास.

"कागदावर नाव का लिहीत नाही तुम्ही?" ताईंनी विचारलं.

"पायावर नाव लिहायचं नाही," मापकाका म्हणाले. "लोकांना चेहऱ्याची लाज वाटत नाही तेवढी पायाची वाटते. कागद टेबलावर पडलेला असतो, दुसरं गिऱ्हाईक आत येतं. त्याला कशाला कळायला हवं कुणाचा पाय? म्हणून नाव फक्त फाइलला."

"आणि फाइलचं नाव गेलं."

"गेलं. पण पाय आहेत ना?"

त्यांनी चष्मा चढवला. ताई एकेक चित्र पुढे सरकवू लागल्या.

"हा पत्रं वाटायचा तो. हा बेकरीवाला, दिवसभर उभा, बघा कसा पसरलाय. ही नाचायची. हा हा हा, हा वकील! याने दोनदा बूट परत आणले."

"काका, कशावरून?"

"तुम्ही अक्षर ओळखत नाही का माणसाचं?"

ताईंनी मुद्दाम मागे जाऊन तीच चित्रं उलटसुलट दाखवली. एकदाही चूक झाली नाही. तीन तासांत मुलीचे सहा कागद बाजूला निघाले.

पाच वाजले. मापकाका उठले, हात पुसले, दाराशी गेले. मोठा खटका खाली ओढला. दिवे गेले. यंत्र गेलं. सून ज्या कॉम्प्युटरवर काहीतरी लिहीत होती तो गेला.

"काका!" ताई किंचाळल्या.

"काय झालं?"

"कॉम्प्युटर चालू होता!"

"असतोच. खटका ओढला की सगळं बंद. डिंक आहे, कातडं आहे, एक ठिणगी उडाली तर दुकान राख. माझ्या वडिलांपासूनचा नियम आहे."

"रोज असंच?"

"रोज. अकरा वर्षं."

"मी सांगितलं होतं," अंधारातून सुनेचा आवाज आला. "हे म्हणाले, शिलाई मशीनने कधी तक्रार केली नाही."

ताईंनी कपाळावर हात मारला. मग त्यांना हसू आलं. "काका, तो यादीत नोंद करत असतानाच तुम्ही त्याच्या हातातली पेन्सिल हिसकावत होता. रोज. अकरा वर्षं टिकला हेच नवल."

मापकाका खटक्याकडे बघत राहिले. नियम बरोबर होता. आणि त्याच नियमाने घात केला होता. हे दोन्ही एकदम खरं कसं, हे त्यांना पटायला वेळ लागत होता.

शुक्रवारी सुनेने ताईंसमोरच डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर भले होते, पण कामात पक्के. "सासऱ्यांनी ओळखले हे मान्य," ते म्हणाले. "पण कुठला कागद कुठल्या वर्षाचा? तारखेशिवाय आकड्यांचं मी काय करू?"

"मुलगी वाढत गेली," मापकाका म्हणाले. "लहान पाय आधी, मोठा नंतर. सोपं आहे."

ताईंना ते पुरेसं वाटेना. ओळखणारा एकच माणूस, आणि क्रम लावणाराही तोच. ती संध्याकाळ आणि शनिवारची सकाळ त्या सगळे पाय पुन्हा पुन्हा बघत बसल्या. आणि त्यांना दिसलं. काही चित्रांच्या उजव्या कोपऱ्यात एक तपकिरी ठिपका होता. काहींत दोन. काहींत तीन. काहींत चार, त्यांतला चौथा शेपटी असलेला, असे वाढत वाढत आठपर्यंत.

त्यांनी दुकानात फोन लावला. "सूनबाई, स्कॅनरच्या काचेवर काय आहे?"

"डिंक. बाबांचा ब्रश झटकला की उडतो. निघत नाही तो, मी खरवडून पाहिलंय."

"शाब्बास! खरवडू नका आता."

ठिपके वाढतात, कमी होत नाहीत. म्हणजे डिंकाने स्वतःच तारीखवार खुणा करून ठेवल्या होत्या.

शनिवारी दुपारी ताई सहा कागद छापून दुकानात आल्या. दोन संच. एकाचे कोपरे कापलेले. तो मापकाकांना दिला आणि त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. दुसरा संच त्यांनी आणि सुनेने ठिपक्यांवरून लावला.

"परीक्षा चाललीय माझी," मापकाका पुटपुटले. "या वयात."

"कॉपी करू नका," सून म्हणाली.

पहिले चार कागद तंतोतंत जुळले. पट्ट्यांचे आकडे पाच, सहा, आठ, नऊ. पुढच्या दोघांत उलटापालट झाली. एका कागदावर नऊ लिहिलं होतं, दुसऱ्यावर बारा. मापकाकांनी बारावाला आधी ठेवला होता, कारण त्यावरचा पाय किंचित लहान होता. ठिपके सांगत होते की तो शेवटचा. गेल्या वर्षीचा.

"डिंक चुकतोय," मापकाका म्हणाले.

"तुमच्या क्रमाने फरक बारावर जाऊन परत नऊवर येतो," ताई म्हणाल्या. "असं होतं?"

"नाही होत," ते कबूल झाले.

"आणि डिंकाच्या क्रमाने नऊ, नऊ, आणि एकदम बारा."

बारा म्हणजे ऑपरेशन.

मापकाकांनी तो कागद उचलला. खिडकीशी नेला. बोट रेषेवरून फिरवलं. बराच वेळ.

"वाढत्या मुलीचा पाय लहान कसा होईल?" ते स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, "रेष बघा. आत झुकलीय. पायावर भार नाही. भार पडला की पाऊल पसरतं, लांबतं. हे पाऊल लोंबकळतंय."

"म्हणजे?"

"ही बसली होती." ते स्टुलावर टेकले. "गेल्या वर्षी घोटा मुरगळून आली होती. वडिलांनी उचलून आणलं. उभं राहवेना. मी म्हटलं, बस पोरी, असंच घेतो. पट्ट्यासुद्धा बसल्या बसल्या लावल्या, लोंबत्या पायाखाली तीन जास्तच मावल्या." त्यांचा आवाज उतरला. "चाळीस वर्षांत कुणाचं माप मी बसवून घेतलं नाही. एकदाच घेतलं."

सून हळूच म्हणाली, "बाबा, ती बूट घेऊन आली होती नंतर. उंच वाटतो म्हणाली होती."

"आणि मी म्हणालो, सवय होईल."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. दुकानात चार हजार पाय ओळखणारा माणूस एका आकड्याकडे बघायला तयार नव्हता.

"डॉक्टरांना काय सांगायचं?" सुनेने विचारलं. "तारखा तर जुळल्या आता."

"जसं झालं तसं," मापकाका म्हणाले. "मी चुकलो म्हणून. तिला उद्या बोलाव."

रविवारी मुलगी आली. एका हातात गेल्या वर्षीचे बूट होते.

"बूटआजोबा, सवय नाही झाली," तिने आल्या आल्या सांगितलं.

"झाली असती तर वाईट झालं असतं," ते म्हणाले. "उभी राहा. ताठ. भिंतीला टेकायचं नाही."

ते गुडघ्यांवर बसले. एक पट्टी. दोन. सून मागून कंबरेची रेष बघत होती. ताईंना जायचं होतं, पण पाय निघेना. सात. आठ. नऊ.

"थांबा बाबा," सून म्हणाली. "सरळ."

त्यांनी दहावी पट्टी सरकवून पाहिली. कंबर एका बाजूने वर गेली. काढली. पुन्हा नऊ. तीनदा मोजलं. तीनदा नऊ.

सोमवारी डॉक्टरांनी सहा कागद, कोपऱ्यातले ठिपके आणि सातवा ताजा कागद समोर मांडले. बसून घेतलेल्या कागदावर त्यांनी आडवी रेघ मारली. उरले पाच, सहा, आठ, नऊ, नऊ, नऊ. त्यांनी एक एक्स-रे काढून पाहिला. मग ऑपरेशन नको म्हणाले. दर तीन महिन्यांनी माप आणून दाखवायचं, एवढंच.

तीन महिन्यांनी ताई दुकानात गेल्या, स्वतःच्या उजव्या बुटासाठी. दाराशी खटक्याखाली सुनेच्या अक्षरात कागद चिकटवला होता: आधी कॉम्प्युटर, मग हे. पाच वाजता मापकाका त्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले.

"झाला का गं तो?"

"होतोय बाबा."

"शिलाई मशीनला इतका वेळ लागत नाही."

"बाबा."

"थांबलोय ना."

टेबलावर मुलीचा नवा कागद होता. नाव नव्हतंच. दोन पावलं, रुंद, भार दिलेली. खाली नऊचा आकडा. आणि आकड्याशेजारी, चाळीस वर्षांत कधी न लिहिलेला एक शब्द: उभी.