एका दमात सांगायचं

वनमालाताईनं बावीस वर्षं एकच काम केलं. फोन उचलला. बास. आता कुणी म्हणंल यात काय एवढं, पण डोंगरपट्टा पशुपालक संघाचा फोन उचलणं म्हणजे काय, ते वर डोंगरात शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या कुणालाही विचारा.

लिंबागणेशच्या पुढं रोडला लागूनच संघाचं ऑफिस. दोन खोल्या, बाजूला पत्र्याचं शेड, शेडमधी फिरत्या दवाखान्याची गाडी. कुणाची शेळी पडली, कुणाची म्हैस अडली, की फोन ताईकडं यायचा अन् ताई गाडीवरच्या डॉक्टरला, सोमेश्वरला, कुठं पळायचं ते सांगायची. नुसत्या खोकण्यावरून ती माणूस ओळखायची. "सुग्रीवदादा, तुमी हाय ना? बोला, कोनाला काय झालं?" समोरचा अजून हॅलोसुद्धा म्हणालेला नसायचा.

पण डोंगरात रेंजचं लई वाईट. माणूस टेकावर चढून फोन लावणार, दोन वाक्यं होतायत न होतायत तोवर कट. म्हणून ताईनंच सगळ्यांना एक सवय लावली होती. दरवर्षीच्या मेळाव्यात ती स्वतः माईक हातात घेऊन सांगायची, "हे बघा, माझा आवाज आला की माझं ऐकत बसू नका. बरी हाईस का, जेवलीस का, ते समदं मागून. वस्तीचं नाव, जनावर कोनतं, काय झालंय, उभं हाय का पडलंय, एका दमात सांगायचं अन् ठिऊन द्यायचा. मी ऐकलेलं असतंय. गाडी निघालीच म्हनून समजा."

अन् गाडी निघायचीच. बावीस वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं की कुणी सांगितलं अन् गाडी गेली नाही. त्यामुळं लोक काय करायचे, सांगायचे, फोन कनवटीला खोचायचे अन् जनावरापाशी जाऊन निवांत वाट बघत बसायचे.

मग रोड रुंद करायचं काम निघालं. जेसीबीनं टेलिफोनची वायर सहा वेळा तोडली. सातव्या वेळी संघाचे नवे मॅनेजर हरिओम साहेब म्हणाले, आता हे जोडायचंच नाही. साहेब अंबाजोगाईचे, शिकलेले, माणूस बोलायला गोड. त्यांनी इंटरनेटवरचा फोन आणला. नंबर जुनाच राहिला, पण आता एकाच वेळी पाचजणांचे फोन लागणार, कुणालाच एंगेज लागणार नाही, एक दाबलं की फोन सरळ सोमेश्वरच्या मोबाईलवर, दोन दाबलं की दुधाचं, तीन दाबलं की पेंडीचं. अन् प्रत्येक फोन कॉम्प्युटरात रेकॉर्ड. खरं सांगायचं तर चीज चांगलीच होती. आधी एकानं फोन धरला की बाकीचे चारजण टेकावर ताटकळायचे, ते ताईनंच बघितलेलं होतं.

फक्त सुरुवातीला बोलणारा एक आवाज पाहिजे होता.

"वनमालाताई, आवाज तुमचाच," साहेब म्हणाले. "बाहेरून घ्यायचा कशाला, घरात रेडिओ असताना?"

सगळं ऑफिस हसलं. सोमेश्वर म्हणाला, "अक्का, आता तुम्ही हिरॉईन झालात, आम्हाला ओळखाल का?" ताई तोंडानं "गप रे" म्हणाली, पण आतून इतकी फुलली, इतकी फुलली की दुसऱ्या दिवशी ती रेकॉर्डिंगला लग्नातली साडी नेसून आली. आवाजाला साडी दिसते का? पण आली.

साहेबांनी कागद लिहून दिला होता. नमस्कार, आपले स्वागत आहे, जनावर आजारी असल्यास एक दाबा, असं. ताईनं तो एकदा वाचला अन् म्हणाली, "साहेब, हे लई कोरडं वाटतंय. मी माझं नाव घेऊ का आधी?" साहेब म्हणाले घ्या की. मग तिनं कागदावर नसलेलं वाक्य घातलं, एकदम गोड आवाजात: "हॅलो, मी वनमाला बोलतेय."

त्यानंतर साहेबांनी सरळसरळ विचारलं. "ताई, तुम्ही ह्या लोकांना ओळखता. बटन दाबायला त्यांना काही अडचण येईल का? खरं सांगा, नाहीतर आपण सध्या फोन सरळ तुमच्याकडंच ठेवू."

अन् त्या वेळी ताईला आठवलं होतं. हेच तर आहे, तिला आठवलं होतं! माझा आवाज ऐकला की हे लोक थांबणार नाहीत, एका दमात सांगतील अन् ठेवून देतील, हा विचार तिच्या डोक्यात आला, अगदी जिभेवर आला. पण मशीनवर नुकताच तिचा आवाज वाजवून दाखवला होता, टाळ्या पडल्या होत्या, अन् "सध्या तुमच्याकडंच ठेवू" म्हणजे तो आवाज डब्यात जाणार होता.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "कसली अडचण? दाबतेत की."

पुढं अकरा दिवस ऑफिस शांत. दिवसाला दहाबारा फोन यायचे तिथं तीन, चार. सोमेश्वरची गाडी शेडमधीच उभी. साहेबांनी अध्यक्षांना कॉम्प्युटरवरचा आलेख दाखवला, तक्रारी घटल्या म्हणून, अन् अध्यक्ष म्हणाले, व्वा. ताईला वाटलं, बरं चाललंय. म्हणजे वाटलं नव्हतं, तिनं वाटून घेतलं. शेडमधली उभी गाडी तिला रोज खिडकीतून दिसायची अन् ती रोज खुर्ची जरा तिकडं वळवून बसायची.

बाराव्या दिवशी सकाळी छबुबाई आली.

छबुबाई खडकाळी वस्तीवरची, सत्तरीची म्हातारी. तिथवर कच्ची वाट आहे, पण सवारीची जीप वर येत नाही, म्हणून दोन कोस चालत खाली यायचं अन् मग जीप धरायची, तेव्हा संघाचं दार दिसतं. आल्या आल्या ती खाली फरशीवरच बसली. ताईनं खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हातारीनं पाणी प्यायलं नाही, तांब्या हातात धरून नुसती ताईच्या तोंडाकडं बघत बसली.

"वनमाले," ती म्हणाली, "माझं काही चुकलंय का गं?"

"म्हंजे?"

"न्हाई, माझ्यावर कावून रुसलीस इचारायला आले. चारदा फोन लावला. तू उचलतीस, नाव सांगतीस, अन् मी बोलाय लागले की तू आपलं एक दाबा, दोन दाबा, आपलंच चाललंय तुझं. मी म्हनलं लई गडबडीत असंल बिचारी. सांगून ठिऊन दिलं. गाडी आली न्हाई. म्हनलं इसरली. पुन्ना सांगितलं." मग तांब्याकडं बघत, "दोन शेळ्या गेल्या माझ्या. लग्नातला उरलेला भात खाल्लता. फुगल्या अन् गेल्या."

ही वेळ होती. सांगायचं होतं, की मावशे, ती मी नव्हते, मशीन होतं, अन् मला माहिती होतं तू फसणार. एवढंच सांगायचं होतं. पण आतल्या खोलीत साहेब होते, दारात सोमेश्वर, अन् ताईच्या तोंडातून निघालं,

"मावशे, तुमच्या वस्तीवर रेंजच न्हाई ना. तुमचं बोलनंच आलं न्हाई इकडं. तुमचा फोन बी जुना झालाय."

म्हातारीचं तोंड एकदम मोकळं झालं. रागावली नाही, उलट बरं वाटलं तिला! "आसं हाय व्हय! मी म्हनलंच, माझी वनमाला आसं करायची न्हाई. आमच्या पोरानं, त्या सिदूनंच बिघडिवलाय फोन, दोनदा पाडलाय मुडद्यानं." मग घटाघट पाणी प्याली, ताईच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली अन् निघाली. जाताना दारातून म्हणाली, "उगं तुझ्यावर संशय घेतला बाई. मनात ठिऊ नकू."

ती गेल्यावर ताई कॉम्प्युटरपाशी बसली अन् रेकॉर्ड उघडलं. बटन न दाबता कट झालेले फोन वेगळे साठवलेले होते. त्रेसष्ट. अकरा दिवस कुणी तिकडं बघितलंच नव्हतं.

तिनं हेडफोन लावला. आधी तिचाच आवाज, गोड, लग्नातल्या साडीतला. हॅलो, मी वनमाला बोलतेय. अन् त्यावर लगेच, तिच्याच आवाजाच्या वरून, धापा टाकत, वाऱ्यात ओरडत, "अक्का, वरच्या वस्तीवर साखराबाईची म्हैस अडलीय, पडलीय, उठंना, ठिवतो." कट. "अक्का, टेकावरच्या वस्तीवरनं सुग्रीव बोलतोय, मेंढराच्या तोंडाला फोड आलेत सातआठाच्या, उभी हायेत, खाईनात, ठिवतो." कट. सगळ्यांनी अगदी तिनं शिकवलेलं तसं सांगितलं होतं. वस्ती, जनावर, काय झालंय, उभं का पडलं. एकाचंही चुकलं नव्हतं.

छबुबाईचे चार फोन होते. चौथ्यात ती शेवटाला म्हणाली होती, "जेवलीस का पन तू? आवाज दमल्यावानी वाटतोय." ताईनं हेडफोन काढला. पदर तोंडात धरला.

मग ती उठून आत गेली अन् हरिओम साहेबांना सगळं सांगितलं, आठवलं होतं तरी बोलले नाही, तेसुद्धा. साहेब ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "मी विचारलं होतं ना ताई तुम्हाला." मग कॉम्प्युटर पुढं ओढला अन् बटन नाही दाबलं तर फोन सरळ ताईच्या टेबलावर वाजंल असं करून दिलं. पाच मिनिटं लागली. फक्त पाच मिनिटं! तासभर लागला असता, पुण्याहून माणूस बोलवावा लागला असता, तर ताईला जरा तरी बरं वाटलं असतं.

त्या दिवशी तिनं एकेकाला फोन लावले. साखराबाईच्या म्हशीला गावातल्याच एकानं सोडवलं होतं, पोटातलं पारडू गेलं होतं. सुग्रीवनं मेंढरं टेम्पोत घालून बीडला नेली होती. "जाऊ द्या अक्का, मशीनचं काय खरं हाय," ते म्हणायचे, अन् ताई म्हणायची, "मशीनचं न्हाई दादा, माझं चुकलं." पण लोक तेवढ्यावर "ठिवतो अक्का" म्हणून फोन ठेवून द्यायचे. छबुबाईला मात्र तिनं फोन लावलाच नाही. त्या म्हातारीला फोनवरून काही सांगायचं तोंडच राहिलं नव्हतं.

रविवारी ती नवऱ्याच्या, तानाजीच्या गाडीवर बसून खडकाळीला गेली. तानाजी खाली वाटंतच गाडीपाशी थांबला. छबुबाई कुडापुढं बसून एका पोरक्या करडाला बाटलीनं दूध पाजत होती. दुसरं करडू तिच्या पाठीला ढुशा देत ओरडत होतं. तिचा लेक सिदू, तिशीचा बाप्या, मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी सांधत बसलेला.

ताईनं बसायच्या आधीच सांगितलं. तीच सवय, एका दमात. तो आवाज मशीनमधी भरलेला होता, मला माहिती होतं तुमी बटन दाबनार न्हाई, मला माझ्या आवाजाचं कौतुक झालं, मी साहेबांना सांगितलं न्हाई, अन् त्या दिवशी तुमाला खोटं बोलले, रेंज चांगली होती, फोन बी चांगला हाय.

छबुबाईचा हात थांबला. करडानं बाटली ओढली.

"म्हंजे फोन बिघडला न्हाई?"

"न्हाई मावशे."

"मी चार दिस ह्याला शिव्या घालायलेय," म्हातारी सिदूकडं न बघता म्हणाली. "तुझ्यामुळं शेळ्या मेल्या म्हनलं. सुनंम्होरं म्हनलं."

सिदूनं जाळी खाली ठेवली. त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळं जास्तच लागला. "अक्का, शेळ्या त्या फोनानं न्हाई मेल्या. शेजारचा टेम्पो दारात उभा हुता. मी म्हनलो, माय, टाक टेम्पोत, बीडला नेतो, तासाभरात पोचतो. न्हाई म्हनली. वनमालानं ऐकलंय, गाडी निघाली आसंल, वाटंत चुकामूक हुईल. अन् वाटंकडं तोंड करून बसली. शेळीपाशी बी न्हाई बसली, वाटंकडं बसली."

आतापर्यंत तिला वाटत होतं की आपण मदत केली नाही. पण तसं नव्हतं. दारात उभी असलेली मदत आपल्या नावानं परत गेली होती.

"सिदूदादा," ती म्हणाली, "तुमची मी माफी..."

"माझी नका मागू," तो म्हणाला अन् उठून मेंढरांकडं निघून गेला. मागं बघितलं नाही.

ताई तशीच उभी. पायात चपला, जावं का थांबावं कळंना. छबुबाई बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही, चहाचं तर नावच नाही, अन् ह्या वस्तीवर चहा न घेता कुणी परत गेल्याचं ताईनं कधी ऐकलं नव्हतं. दुसरं करडू ओरडून ओरडून घसा बसवून घेत होतं.

शेवटी म्हातारीनं कुडाला टेकवलेली दुसरी बाटली उचलली अन् ताईपुढं धरली. तोंडाकडं बघितलं नाही.

"धर. मला दोघाला एकदम पाजता येत न्हाई."

ताई मातीतच बसली. करडाला मांडीवर घेतलं, ते धडपडलं, बाटलीचं निपल तोंडाबाहेर गेलं, दूध तिच्या लुगड्यावर सांडलं.

"मान वर धर त्याची," छबुबाई म्हणाली. "ठसका लागंल."

ताईनं मान वर धरली. करडू पिऊ लागलं. बाटली संपेपर्यंत ताईनं ती तशीच धरून ठेवली.