कारणाची ओळ

काकाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वरठीच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत होते. त्याला महिना होत आला, पण त्यांच्याबद्दलचं माझं कुतूहल काही कमी होत नाही. भंडाऱ्यातल्या त्यांच्या पितळी भांड्यांच्या कारखान्यात मी चौदा वर्षं लिखापढी करतेय. पोथी वाचल्याशिवाय चहाला तोंड न लावणारा मालक, आणि खोटं बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा.

पॉलिशवर काम करणाऱ्या वंदनाची तिन्ही बाळंतपणं अवघड गेली होती. चौथं जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी तिला आठ दिवस सुटी हवी होती; न सांगता खाडे केले असते तर काम गेलं असतं. मी तिचा अर्ज पुढे ठेवला आणि 'कारण' या ओळीवर काकाजींचं बोट थांबलं.

"लेकरू देनं न देनं देवाचं काम. त्याच्यात मी सही कशी करू?"

"मग 'घरी लग्न' असं लिहू काय?" मी विचारलं.

"खोटं कायले लिहितं बाई?" ते माझ्यावरच डाफरले.

वंदना दारातच उभी होती. "काकाजी, देवाले काय सांगायचं ते मी सांगीन. तुमी मले सुटी तेवढी द्या."

खरं सांगते, मला त्यांचा भयंकर राग आला होता. यांचं पुण्य राखायला तिनं मरायचं? काकाजींनी पट्टी घेतली, 'कारण' ही ओळ नीट खोडली आणि खाली सही केली. "छापनाऱ्याले सांग, नव्या अर्जात हे ओळच नको." वंदना ऑपरेशन करून धडधाकट परतली. पुढे गड्यांचंही फावलं. तलावावर मासे धरायला जाणारेही बिनकारण सुटी घेऊ लागले आणि काकाजी ते निमूट सोसत राहिले.

दोन वर्षांनी तोच अर्ज मी स्वतःसाठी भरला. धाकटी जेमतेम सहा महिन्यांची असताना मला पुन्हा दिवस गेले होते आणि गर्भ ठेवायचा नाही, असं आम्ही ठरवलं होतं. काकाजींनी वर न पाहता सही केली. त्या आठवड्यात ते देवापुढे रोजच्यापेक्षा जास्त वेळ बसत, असं नंतर कानावर आलं. त्यांना कळलं होतं का? कुणासाठी बसत होते, माझ्यासाठी की स्वतःसाठी? मी कधी विचारलं नाही. कामावर परतले तेव्हा वरच्या फळीवरच्या जड फायली सगळ्यात खालच्या फळीवर आलेल्या होत्या. "वजन उचलू नको," एवढंच ते म्हणाले.

आता कारखाना त्यांचा मुलगा पाहतो. परवा त्यानं विचारलं, "ताई, ह्या फायली इतक्या खाली काहून ठेवल्या?"

मी फाइल काढायला वाकले. कारण काही सांगितलं नाही.