भावाला विकणारा जावई

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. जाऊ द्या, तुम्ही हसणारच. हसा बापडे! माझा दादा तर अजून हसतोय, आणि त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने ओरडला होता तोच.

दादा पुण्याला असतो. त्याला एकच मुलगी. कागदोपत्री मधुरा, पण जन्मल्यापासून घरात राणी. शाळेतल्या बाईसुद्धा तिला राणीच म्हणायच्या. तर एक दिवस दादाचा फोन आला.

"शोभे, राणीने मुलगा पसंत केलाय. तुझ्याच हैदराबादचा. निनाद देशमुख. मलकपेठेत राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"ओळख कशी झाली?"

"मोबाइलवर म्हणे."

मोबाइलवर! ऐकलंत? आमच्या वेळी माणूस दारात आला तरी आई फटीतून बघायची.

"तू जरा चौकशी कर," दादा म्हणाला. "पण गुपचूप. राणीला कळलं तर माझं काही खरं नाही."

आता मला चौकशी करायला सांगायची म्हणजे आधीच मर्कट आणि त्यात मद्य प्याला. चाळीस वर्षं मी काचीगुड्यात राहतेय. आमच्या गल्लीत कोणाची सून कधी रुसली, हे तिच्या सासूच्या आधी मला कळतं. ह्यांना विचारा. नको, ह्यांना नका विचारू.

मलकपेठेत माझी एक ओळखीची शिवणारी आहे, तिच्याकडे ब्लाउज टाकायच्या निमित्ताने गेले. ती म्हणाली, "देशमुखांचा पोरगा? लई सोन्यासारखा. दारू नाही, सिगरेट नाही, आईला उलटून बोलणं नाही."

मला तिथेच शंका आली. ज्याच्याबद्दल कोणीच वाईट बोलत नाही, तो माणूस नक्की काहीतरी लपवतोय. मी म्हटलं, "आणि सुट्टीच्या दिवशी?"

"दर इतवारी सकाळी चिक्कडपल्लीला जातो. कोपऱ्यावरच्या टिफिन सेंटरमध्ये. कशाला जातो, काय की."

काय की! मिळाला धागा!

रविवारी साडेनऊलाच मी तिथे हजर. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिलेला काळा चष्मा. एका खांबाआड टेबल धरलं आणि इडली मागवली. दहा वाजता सहा-सात पोरंपोरी आली. त्यांत निनाद होता. दादाने फोटो पाठवला होता, त्यामुळे ओळखायला काहीच वेळ लागला नाही. दिसायला गरीब. हेच तर जास्त धोक्याचं!

मी कान लावला. तिकडे तव्यावर डोशाचं चर्र चाललेलं, त्यामुळे निम्मं ऐकू येईना. जे आलं ते असं.

"भावाला विकलं यार त्याने! सख्ख्या भावाला!" एक मुलगा म्हणाला.

"विकलं तर विकलं," निनाद म्हणाला. "मला काही वाईट वाटलं नाही. भाऊ त्याच लायकीचा होता."

"हौ ना," एक चष्मेवाली मुलगी म्हणाली. "आणि काकाला विष देतात तेव्हा तर मी टाळ्या वाजवल्या!"

"ती म्हातारी मात्र जिवंत सोडायला नको होती," निनाद म्हणाला, आणि शांतपणे चटणी मागितली.

चटणी! म्हातारीला मारायच्या गोष्टी करतोय आणि वर चटणी मागतोय! इडली माझ्या घशात अशी अडकली की मालक पाणी घेऊन धावत आला.

"अम्मा, पानी?"

"नक्को!" मी म्हटलं. कोण जाणे, हाही त्यांच्यातलाच असला तर?

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, कुठल्या तरी सिनेमाबद्दल बोलत असतील."

"सिनेमाबद्दल बोलताना कोणी सख्खा भाऊ म्हणतं का?"

यावर हे गप्प. म्हणजे मला वाटलं, पटलं. नंतर कळलं की त्यांना झोप लागली होती.

मी जुन्या कॅलेंडरची पानं फाडली आणि पाठीमागे सगळे मुद्दे लिहून काढले. कोण काय म्हणालं, कितव्या चहाला म्हणालं, सगळं. उद्या पोलिसांत जायची वेळ आली तर पुरावा नको?

पुढच्या रविवारी मी आणखी जवळचं टेबल पकडलं. आणि जे ऐकलं ना, ते तुम्हीच ऐका!

"राणीशी लग्न केल्याशिवाय किल्ला कसा मिळणार त्याला?" एक मुलगा म्हणाला.

निनादने मान डोलावली.

"पण राणीला कळलं तर?" चष्मेवालीने विचारलं.

"काही नाही कळत," निनाद म्हणाला. "बावळट आहे राणी. लग्नानंतर म्हाताऱ्याला वर्षभरात संपवतील, तरी तिला पत्ता नसेल."

आता सांगा, यात काय उरलं समजायचं? राणी कोण, ते उघड. म्हातारा कोण, तेही उघड. आणि किल्ला म्हणजे दादाचा पुण्यातला बंगला! दगडी कुंपण, पुढे लोखंडी फाटक, वर काचा लावलेल्या. किल्ला नाही तर काय?

मी तशीच पायरीवर आले आणि दादाला फोन लावला.

"दादा, बंगल्याचं मृत्युपत्र केलंयस का?"

"शोभे! सकाळी सकाळी काय अभद्र बोलतेस?"

"आणि त्या मुलाच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नकोस!"

टिफिन सेंटरचा मालक मागे येऊन उभा होता. हळूच म्हणाला, "अम्मा, आप पुलिस से है क्या? वो बच्चे क्या कर दिये?"

"अबी नै किये," मी म्हटलं. "करनेवाले है!"

मी ऐकलेलं सगळं फोनवर सांगितल्यावर दादाने तिकडे राणीला कारण न देताच लग्न मोडल्याचं सांगितलं. राणीने दोन दिवस जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जे काय असेल ते समोरासमोर होऊ दे. आत्याच्याच घरी." शनिवारी सकाळी बापलेक गाडीतून काचीगुड्याला उतरले. पोरीचे डोळे सुजलेले. पण मी मन घट्ट केलं. आज रडेल, पण बाप तर जिवंत राहील!

संध्याकाळी निनाद आईला घेऊन आला. बाई साध्या, हसऱ्या. घरी केलेला पावाचा गोड डबल का मीठा घेऊन आल्या होत्या. आमच्याकडे कोणी त्याला हात लावेना. निनादने आपणहून उठून दादाला पाण्याचा पेला दिला. दादाने पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेला खुर्चीखाली सरकवला.

मी चष्मा लावला, कॅलेंडरची पानं काढली आणि उभी राहिले.

"मुद्दा पहिला. सख्ख्या भावाची विक्री!"

निनादच्या आई गोंधळल्या. "अहो, पण ह्याला भाऊच नाहीये. एकुलता एक आहे हा."

"आता नसेलच!" मी म्हटलं. "विकला ना!"

"मुद्दा दुसरा. काकाला विषप्रयोग. मुद्दा तिसरा. एका वृद्ध स्त्रीच्या हत्येची इच्छा, चटणी खाताना. मुद्दा चौथा. राणी बावळट आहे, तिच्याशी लग्न करून किल्ला बळकावायचा आणि म्हाताऱ्याला वर्षभरात..."  मी दादाकडे बोट केलं.

 निनादचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मला वाटलं, पकडला गेला!

तेवढ्यात राणी म्हणाली, "आत्या, राणी बावळट आहे हे वाक्य माझं आहे."

"काय?"

"मीच लिहिलं होतं. मोबाइलवरच्या ग्रुपवर. चार पानं. ती पुस्तकातली राणी आहे गं! आमची ओळखच त्या पुस्तकांमुळे झाली."

निनादने पिशवीतून दोन पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. पुस्तकं कसली, विटा! वरती तलवारी, धूर आणि एक फुटक्या तोंडाचा सेनापती. राज्यं, किल्ले, कारस्थानं. कोणीच धड चांगला नाही, कोणीच धड वाईट नाही, आणि हे सगळे वाचून वेडे झालेले. दर रविवारी जमून त्या लोकांवरून भांडायचे. तिसरा भाग येणार म्हणून चष्मेवालीने म्हणे ऑफिसातून रजा टाकली होती!

"शोभे!!" दादा असा ओरडला की खालच्या मजल्यावरच्या शेजारीण पद्मागारू जिना चढून बघायला आल्या.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. निनादच्या आई उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "चल निनाद. जिथे माझ्या पोराला खुनी समजतात, तिथे नाही बसायचं आपल्याला." राणी माझ्याकडे बघेचना. हे मात्र पेपरामागून म्हणाले, "मी सिनेमा म्हणालो होतो. पुस्तक निघालं. जवळच होतो."

मी निनादच्या आईचा हात धरला. म्हटलं, "बाई, चुकलं माझं. शिक्षा मला द्या, पोरांना नको."

त्यांनी हात सोडवून घेतला. निनादने मात्र माझ्या हातातली कॅलेंडरची पानं घेतली आणि वाचू लागला. वाचता वाचता खाली बसला.

"आत्या, हे सगळं तुम्ही लिहिलंय? आमच्यात कोणी एवढं नीट टिपून ठेवत नाही." मग हळूच विचारलं, "एक सांगा. सेनापतीने भावाला विकलं, ते बरोबर की चूक?"

"चूकच!" मी फणकारले. "पण भावाने तरी मागचं दार उघडं का ठेवलं? परवा तुम्हीच म्हणत होता. घरभेदी मेला! मी असते तर मीही विकला असता!"

दादा माझ्याकडे बघतच राहिला. सख्खा भाऊ ना तो.

पहिल्यांदा निनादच्या आई हसल्या. मग राणी. मग दादाने खुर्चीखालचा पेला काढला आणि एका दमात रिकामा केला. डबल का मीठ्याचं भांडं अर्ध्या तासात साफ!

महिन्याभराने मलकपेठेत साखरपुडा झाला. ती सगळी रविवारची मंडळी आली होती. मी तोंड लपवून जेवणाच्या रांगेत उभी, तर चष्मेवाली धावत आली आणि गळ्यातच पडली.

"आत्या, आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या फेवरेट तुम्ही! वेष बदलता, लपून ऐकता, चांगल्या पोरावर खुनाचा आळ घेता, आणि सगळं कशासाठी, तर भाचीच्या मायेपोटी! ना धड चांगल्या, ना धड वाईट! तुम्ही ना, एकदम ग्रे आहात!"

भर मांडवात! सगळे वळून बघायला लागले. माझा हात चटकन केसांवर गेला.

"काहीतरीच काय बोलतेस?" मी म्हटलं. "परवाच तर मेंदी लावली!"